पाण्याखालचे जवळचे अंतर

पाण्याखाली उतरणाऱ्या घरगुती रोबोटसाठी अंतर मोजणारा सेन्सर निवडताना तो किती लांबचे मोजतो याचीच चौकशी प्रथम होते. परंतु नागपूर–हैदराबाद महामार्गावरील जामसारख्या गावाच्या शिवारात, जेथे हा रोबोट समुद्रात नव्हे तर काही मीटर व्यासाच्या शेतविहिरीत उतरणार असतो, तेथे तो किती जवळचे मोजतो हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. गाळ किती साचला आणि बांधकाम कोठे ढासळले हे उपशासाठी माणूस आत उतरण्यापूर्वी कळावे, यासाठीच हा खटाटोप असल्याने चुकीचे माप हे माप नसण्यापेक्षा अधिक घातक असते.

प्रकाशावर चालणारे सेन्सर स्वस्त आणि आटोपशीर असतात, पण त्यांतील पुष्कळांचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश स्वच्छ पाण्यातसुद्धा दहा-वीस सेंटीमीटरांत जवळजवळ शोषला जातो. हिरवा लेसर याहून बराच लांब पोहोचतो, आणि ठरावीक अंतर राखून समांतर बसवलेल्या दोन लेसरांचे ठिपके कॅमेऱ्यात किती जवळ-दूर दिसतात यावरून भिंतीचे अंतर काढता येते. मात्र काळ्या जमिनीची बारीक चिकणमाती पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरली की पाणी निवळेपर्यंत हा उपाय बाद होतो.

ध्वनीला गढूळपणाची अडचण फारशी होत नाही. कोलाडॉन आणि स्टर्म या शास्त्रज्ञांनी १८२६ मध्ये जिनिव्हा सरोवरात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १४३५ मीटर मोजला. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात तो सुमारे १४९७ मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक असतो. प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढण्याच्या सूत्रातला वेगाचा आकडा बदलून हा फरक मिटत नाही. ४० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या, एकाच चकतीने ध्वनी सोडून तिनेच प्रतिध्वनी टिपणाऱ्या जलरोधक सेन्सरची चकती स्पंद सोडल्यावर काही काळ थरथरत राहते आणि तेवढ्या वेळात आलेला प्रतिध्वनी तिला कळत नाही. हवेत ही अंध पट्टी २० सेंटीमीटरांची असेल, तर तेवढ्याच वेळात पाण्यातील ध्वनी चौपट मजल मारत असल्याने ती ८५ सेंटीमीटरांहून मोठी होते आणि विहिरीची भिंत अनेकदा तिच्यातच सापडते. शिवाय ही चकती हवेत ध्वनी सोडण्यासाठी घडवलेली असते, आणि हवा व पाणी यांच्या सीमेवर ध्वनीची केवळ हजारातील एक भाग ऊर्जा पलीकडे जात असल्याने चकतीसमोर हवेचा पातळ थर राहिला तरी माप बिघडते.

म्हणून पाण्यासाठीच घडवलेला, शंभर ते दोनशे किलोहर्ट्झचा प्रतिध्वनीमापक घ्यावा, आणि घेताना त्याचे किमान अंतर व झोताची रुंदी ही दोन मापे आधी पाहावीत. ३० अंशांचा झोत ५ मीटरांवर सुमारे २.७ मीटर आणि १० मीटरांवर सुमारे ५.४ मीटर रुंद होतो, त्यामुळे खोल विहिरीत तळाआधी बाजूचा दगडच उत्तर देतो. मऊ गाळावरून परतणारा प्रतिध्वनी दुबळा असतो आणि तो गाळाचा वरचा पृष्ठभाग दाखवतो; दोराला दगड बांधून घेतलेले जुन्या पद्धतीचे माप घट्ट थरापर्यंत जाते, आणि या दोहोंतील फरक म्हणजेच सैल गाळाच्या जाडीचा उपयुक्त अंदाज होय.

पृष्ठभागापासूनची खोली मात्र ध्वनीऐवजी दाबावरून काढावी, कारण दर मीटर पाण्यामागे दाब सुमारे ९८ मिलिबारने वाढतो आणि त्यात प्रतिध्वनीचा घोळ नसतो. हवेचा दाब दिवसभरात काही मिलिबार बदलत असल्याने प्रत्येक बुडीआधी पाण्याच्या पातळीवर शून्य पुन्हा लावले, की काही सेंटीमीटरांची चूकही टळते. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी घडवलेल्या ‘मत्स्य’ या स्वयंचलित पाणबुडीतही खोलीचे काम दाबाचा सेन्सरच करतो.

पैसा मर्यादित असेल तर पहिला खर्च दाबाच्या सेन्सरवर, दुसरा खाली रोखलेल्या प्रतिध्वनीमापकावर आणि तिसरा लेसर व कॅमेऱ्यावर करावा, आणि अंध पट्टीत आलेला आकडा पडद्यावर न दाखवता तेथे माप मिळाले नाही असे स्पष्ट लिहावे. कारण त्या आकड्यावर विसंबून विहिरीत उतरणारा माणूस बहुधा यंत्र बनवणाऱ्याच्याच गावचा असतो, आणि त्याला खरे सांगणे हेच या कारागिरीचे पहिले कर्तव्य आहे.