पाठीवरची नजर

पन्नाशीच्या आसपास बाईच्या शरीराचं आतलं गणित बदलतं. पाळी थांबली की हाडं भराभर विरळ होऊ लागतात. स्नायूंची झीज तर त्याच्या कितीतरी आधीच सुरू झालेली असते. रोज पहाटे रंकाळा तलावाला फेरी मारून मन निवतं, श्वास मोकळा होतो, पण मांड्यांत जोर यायचा तर वजनच उचलावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते आणि त्याच्या जोडीला दोन दिवस ताकदीचाही. हा दुसरा भाग बायकांच्या कानावर क्वचितच पडतो.

म्हणून जिमची पायरी चढले. फी भरतानाच प्रश्न आला, ‘पर्सनल ट्रेनर लावणार का?’ त्याचे पैसे वेगळे, आणि बरेच. उठाबशा काढायलाही माणूस ठेवायचा का, असं मन म्हणत राहिलं.

पण हे कोल्हापूर आहे. शाहू महाराजांनी खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं ते १९१२ साली. तालमी तर गल्लोगल्ली. इथला पैलवान स्वतःबद्दल बोलण्याआधी वस्तादांचं नाव घेतो. आम्हा मुलींना तालमीत पाऊल टाकता येत नसे (ती खंत अजून आहे), पण दाराशी थांबून बघता येई. पोरं ओळीनं जोर काढत असत आणि वस्ताद त्यांच्यामधून फिरत. बोलणं फारच थोडं. कुणाची कंबर खचली की वाकून त्याच्या पोटाखाली नुसता तळहात धरत. हात लागायच्या आत पोरगा सावरायचा. खांदा धरलेल्याचे जोर बंद करून त्याला बैठकांना लावत. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. ती बघायला दुसरं माणूस लागतं, हे मी तिथं पाहिलं.

जिममध्ये माझ्याच वयाच्या एक बाई हातात डंबेल घेऊन स्क्वॉट करत होत्या. गुडघे आत वळत होते, टाचा उचलल्या जात होत्या. ट्रेनर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणत होता, ‘‘अजून दोन, मॅडम.’’ पलीकडे एक तरुण ट्रेनर पोरगी उकिडवी बसून एका काकांच्या पावलांकडे बघत होती. ‘‘काका, गुडघा आतल्या बाजूनं दुखतोय का बाहेरच्या? बीपीची गोळी घेतली न्हवं?’’ तिनं त्यांच्या हातातलं वजन काढून घेतलं, मागं बाक सरकवलं आणि म्हणाली, ‘‘आज नुसतं बसायचं आणि उठायचं.’’

वजन वाढवणारे पुष्कळ भेटतील. योग्य वेळी ते काढून घेणारं माणूस मिळालं, तर त्याच्या ज्ञानाचे पैसे आनंदानं द्यावेत. मी तिच्याकडे जायचं ठरवलंय: आठवड्यातून दोन दिवस, शरीराला वळण लागेपर्यंत. पुढचं माझं मी करीन.

तुम्हीही या विचारात असाल तर पैसे भरण्याआधी तासभर कोपऱ्यात बसा आणि ट्रेनर दुसऱ्या कुणाला शिकवत असताना त्याचं लक्ष कुठं असतं, ते बघा.