वन्समोअर कुणाला?

शुक्रवारी संध्याकाळी संपादकांचा फोन आला की उचलायचा नाही, असा माझा एक नियम आहे. तो मी दर शुक्रवारी मोडते. फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना कारण सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते : घरभाडं.

"संगीत नाटकांवर मस्त काहीतरी दे. तीन नाटकं घे, एक-दोन-तीन नंबर लाव. बेस्ट म्युझिकलचं अवॉर्ड तूच देतेयस असं समज. वाचणाऱ्यांची भांडणं लागली पाहिजेत! सोमवारी सकाळी चालेल?"

"चालेल की!"

तेव्हा मी पुण्यात नांदेडच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत उभी होते. गावाकडे हळद निघायला लागली होती आणि आई महिनाभर 'ये गं एकदा' म्हणत होती. बस निघाली, लाइट बंद झाले, शेजारच्या काकू घोरायला लागल्या आणि मी मोबाइलवर लिहायला घेतलं. नगर यायच्या आत निकाल तयार! पहिला नंबर 'संगीत देवबाभळी', दुसरा 'कट्यार काळजात घुसली', तिसरा 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. प्रत्येकाला दीडशे शब्द, दोन चटपटीत वाक्यं, एक टोमणा. मास कॉमच्या डिग्रीनं मला काही शिकवलं असेल तर हेच. मग झोपही छान लागली.

आमचं गाव शिरड शहापूर. पुण्यातल्या मित्रमंडळींना ते सांगताना मी आधी औंढा नागनाथ सांगते. ज्योतिर्लिंग म्हटलं की माना हलतात. मग सांगते, वसमतला उतरायचं, औंढ्याच्या एसटीत बसायचं, मध्ये लागतं. मल्लिनाथाच्या मंदिरामुळे लांबलांबचे जैन यात्रेकरू मात्र आमचं गाव बरोबर ओळखतात. जिल्हा हिंगोली, म्हणजे १९९९पर्यंत परभणी. थिएटर, नाट्यगृह वगैरे? पुढचा प्रश्न विचारा.

पण आमच्या घरात संगीत नाटक आहे. ते अण्णांच्या कपाटात राहतं. कॅसेटच्या तीन ओळी, वहीत उतरवलेली पदं आणि वर कापडात गुंडाळलेली पेटी. शाळेतून रिटायर झाल्यापासून अण्णा रोज सकाळी एक कॅसेट लावतात. परभणी आकाशवाणीवर नाट्यसंगीत लागलं की आमच्याकडे मिक्सर बंद ठेवायचा, हा कायदा मी लहानपणापासून पाळत आलेय.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर अण्णांनी विचारलं, "बसमध्ये काय लिहायलीस म्हणे?"

मी हौसेनं यादी वाचून दाखवली. तोवर हळद शिजवायच्या कुकरपाशी सकाळपासून उभा असलेला चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, पिवळ्याजर्द हातांनी येऊन बसला होता.

"कट्यार दोन नंबर?" अण्णा म्हणाले. "कामून?"

मी माझे मुद्दे काढले. अण्णांनी त्यांचे. आणि खरं सांगते, मला घाम फुटला. त्यांचं म्हणणं असं की गाणी असलेली नाटकं पुष्कळ आहेत. गाणं काढून घेतलं तर जे नाटक कोसळतं, तेच खरं संगीत नाटक. दारव्हेकरांच्या 'कट्यार'मध्ये पंडितजी आणि खाँसाहेब राजगायक होण्यासाठी एकमेकांसमोर उभे आहेत. जितेंद्र अभिषेकींनी दोघांना दोन वेगळ्या गायकी दिल्यात. डोळे मिटून ऐकलं तरी कोण गातंय ते कळतं. म्हणजे भांडण संवादात नाही, सुरांतच आहे! पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. ही तारीख अण्णांना तोंडपाठ आहे. आईचा वाढदिवस मात्र दरवर्षी त्यांना आम्हीच सांगतो.

मग मी 'देवबाभळी'ची बाजू घेतली. प्राजक्त देशमुखचं हे नाटक २०१७च्या अखेरीस व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि नंतर पुरस्कारांची रांग लागली. २०२०चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही याच पुस्तकाला मिळाला. स्टेजवर फक्त दोन बायका. तुकोबांची आवली आणि विठोबाची रखुमाई. तुकोबांची भाकर घेऊन निघालेल्या गरोदर आवलीच्या पायात काटा मोडतो. तो विठ्ठल काढतो, आणि तिची शुश्रूषा करायला रखुमाईला लखुबाई बनवून तिच्या घरी पाठवतो. मी ते पुण्यात बघितलं. शुभांगी सदावर्तेची आवली चुलीशी, पाण्याशी झटता झटता गाते. तिथं ना तानांची आतषबाजी, ना टाळीसाठी घेतलेला पॉज. आनंद ओकच्या चाली कामाच्या लयीत येतात. अण्णांच्याच नियमानं बघा म्हटलं, गाणं काढा आणि नाटक उभं राहतं का ते सांगा!

आई भांडी आवरत ऐकत होती. ती म्हणाली, "काटा काढायला देव आन् जखम निस्तरायला बाई. बरोबर लिव्हलंय त्यानं."

दोनशे शब्दांत मला जे जमलं नव्हतं, ते आईनं एका वाक्यात केलं. तिनं नाटक बघितलेलंही नव्हतं.

एवढा वेळ गप्प बसलेला दादा आता बोलला. "शिवाजी अंडरग्राउंड तिसरं कामून गं?"

"अरे, म्हणजे... फॉर्म थोडा सैल आहे. शाहिरी छानच आहे, पण नाटक म्हणून बांधणी..."

"बघितलंस का?"

घरात फक्त पंख्याचा आवाज.

"क्लिप्स बघितल्यात," मी म्हटलं.

दादानं ते कॉलेजात असताना संभाजीनगरला बघितलं होतं. २०१२ला आलेलं नाटक. लेखक राजकुमार तांगडे जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचा, कल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची, दिग्दर्शक नंदू माधव. शिवाजी महाराजांना न्यायला यमराज येतो, पण महाराजांचा विचार इथंच राहिलेला. तो पेलणारं डोकं कुठं सापडेना! शेवटी दोन बाजूंचे सवालजवाब रंगतात. दादा म्हणाला, "माझ्याशेजारी बसलेला माणूस तीन तास पुढं वाकून बसला होता. आन् स्टेजवरची पोरं आपल्यासारखी बोलत होती. आपल्यासारखी! शेतातून उठून आलेली. मला तर वाटलं, आपल्याला बी स्टेजवर असंच बोलता येतंय की."

हे माझ्या दीडशे शब्दांत कुठंच नव्हतं. कसं असणार?

मी जरा चिडूनच म्हटलं, "पण सगळे असंच करतात रे. आणि 'कट्यार' तरी कुठं स्टेजवर बघितलंय मी? कॉलेजात असताना २०१५चा सिनेमा बघितला. तेवढ्यावर लिहिलं." बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. तीन नाटकांना नंबर दिले होते. प्रत्यक्ष बघितलेलं त्यातलं एक.

अण्णा हसतील असं वाटलं होतं. ते उठून कपाटापाशी गेले आणि कॅसेटच्या मागून एक घडी घातलेला कागद घेऊन आले.

तो किस्सा मला अर्धाच माहीत होता. १९८६मध्ये गावातल्या पोरांनी 'सौभद्र' बसवलं होतं. किर्लोस्करांचं १८८२चं नाटक, शंभर वर्षांनी आमच्या शाळेच्या पत्र्याच्या खोलीत. अण्णा अर्जुन. दोन महिने तालमी, भाड्याचे मखमली पडदे, आणि एका स्पर्धेसाठी टेम्पोतून जिल्ह्याच्या गावाला. नंबर आला नाही, एवढं मला ठाऊक होतं. अण्णांनी नंतर स्टेजवर पाय ठेवला नाही, हेही ठाऊक होतं. मला वाटायचं, नोकरी लागली म्हणून.

कागदावर परीक्षकांचा शेरा होता. एकच ओळ : 'उच्चार ग्रामीण. गायन सामान्य.'

"त्यातला एक माणूस दुसऱ्या अंकाआधीच उठून गेला होता," अण्णा म्हणाले. "मी विंगेतून बघितलं. माझी मुख्य पदं पुढं होती. नंबर दिला नाही, त्याचं काही नाही. आमच्यापेक्षा चांगली नाटकं असतीलच. पण ऐकून म्हणायचं ना, सामान्य."

मी तो कागद परत घडी घालून दिला. चाळीस वर्षं मागून तो परीक्षक माझ्याकडे बघत होता. तोही बहुतेक वाईट माणूस नसेल. त्यालाही कुठली तरी बस पकडायची असेल.

"तुम्ही तरी 'कट्यार' बघितलंय का?" मी हळूच विचारलं.

"नाही. कॅसेटवरच. म्हणून तर मी गाण्याचंच सांगायलो. नाटक कसं होतं, मला काय ठाऊक?"

खरं तर दोन नाटकांची तुलना करण्यात वावगं काहीच नाही. आपली रंगभूमी त्यावरच पोसली गेली आहे. ८ जुलै १९२१ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकांनी एकत्र 'मानापमान' केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. भामिनी सरस की धैर्यधर, यावर लोक पुढं कित्येक वर्षं हिरिरीनं भांडले. ट्रॉफी वगैरे काही नव्हती. बक्षीस म्हणजे वन्समोअर, आणि तो मिळायला ऐकणाऱ्यानं खुर्चीत बसलेलं असणं भाग होतं. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. भांडण तेवढं मागं राहिलं. ते भांडण ऐकलेल्यांचं होतं, हा फरक.

'कट्यार'मधली गोष्टही हीच आहे. पंडितजींचा आवाज जातो आणि खाँसाहेब राजगायक होतात. समोरच्याचं गाणं न होताच मिळालेला मान. सोबत एक खून माफ असलेली कट्यार! सिनेमा दोनदा बघून मला यात नुसती स्टोरी दिसली होती.

रविवारी आईबरोबर औंढ्याला गेले. तिथली दंतकथा तुम्ही ऐकली असेल. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन गायला लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. लहानपणी मला यात चमत्कार दिसायचा. या वेळी वाटलं, परीक्षक असावा तर असा. मागं कुणी गातंय म्हटल्यावर ऐकायला आपण वळायचं.

देवळाबाहेरूनच संपादकांना फोन लावला. सगळं सांगितलं. तिकडं बराच वेळ शांतता. मग, "अगं, पण पान तर भरायचंय!"

"भरते. फक्त नंबर नाहीत."

तर ती यादी तुम्हाला वाचायला मिळणार नाही, सॉरी. माझं मत विचाराल तर 'देवबाभळी'ला माझ्याकडून वन्समोअर, पूर्ण बघून दिलेला. 'कट्यार'च्या गाण्यांना अण्णांचा. 'शिवाजी अंडरग्राउंड'ला दादाचा, आणि त्याचा प्रयोग जिथं होईल तिथं मी तिकीट काढून बसणार आहे. तोवर माझं त्याबद्दल मत नाही. हे वाक्य लिहायला मला पाच वर्षांची पत्रकारिता आणि एक शनिवार लागला. तुम्हीही ऑफिसात लंच टाइमला न बघितलेल्या सिनेमाला स्टार देत असाल, तर हे वाक्य एकदा म्हणून बघा. जड जातं, पण नंतर बरं वाटतं.

रविवारी रात्री माझी बस साडेनऊची होती. आठ वाजता अण्णांनी कापड सोडून पेटी खाली ठेवली. भाता जरा फाटलाय, दोन पट्ट्या अडकतात. कुणी काही बोललं नाही. त्यांनी 'सौभद्र'ची वही उघडली, दुसऱ्या अंकाचं पान काढलं आणि गळा साफ केला.

उच्चार ग्रामीण होते. गायन कसं होतं ते मी सांगू शकते, कारण बस चुकली तरी चालेल असं ठरवून मी शेवटपर्यंत बसले होते.

सुरेख होतं.