हिंदूरावांचं नाव राहिलं, घरातल्या वस्तू कुठे गेल्या?

दिल्लीत रिक्षावाल्याला नुसतं 'हिंदूराव' म्हटलं की तो थेट हॉस्पिटलच्या गेटवर नेऊन सोडतो. उत्तर दिल्लीच्या रिजवरचं हे महापालिकेचं मोठं हॉस्पिटल. हातात केसपेपर घेऊन रांगेत उभं असताना हे नाव कोणाचं, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मराठी माणसाला मात्र तो पडायला हवा.

हिंदूराव हे कागलच्या घाटगे घराण्यातले. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई या त्यांच्या बहीण. रिजवरचा बंगला मूळचा विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि पुढे बंगला हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात इंग्रज सैन्याचा महत्त्वाचा मोर्चा याच घरात होता, त्यामुळे शहराकडून येणारे तोफगोळेही या घरानेच झेलले.

राजांचं राहिलं, घराचं नाही

आज इथे पाहण्यासारखं बरंच आहे. हॉस्पिटलजवळच अशोकस्तंभ आहे. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात तो मेरठहून आणवला. पुढे स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला. हॉस्पिटलच्या आवारातच 'पीर गायब' ही तुघलककालीन वास्तू आहे.

पण हिंदूरावांच्या घरात पाणी कुठल्या भांड्यातून प्यायचे? पानाचा डबा कसा होता? देवापुढचा दिवा पितळेचा होता की चांदीचा? ते सांगणारी एकही वस्तू या आवारात पाहायला मिळत नाही. बादशहाचा खांब तुकडे जोडून जपला जातो. घरातली वाटी मात्र कोणी तरी ठरवून जपली, तरच उरते.

कोट आणि ब्रीफकेस

हिंदूरावपासून जवळच, काश्मिरी गेटला, दारा शुकोह ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीत २०२३ मध्ये फाळणीचं संग्रहालय सुरू झालं. याच संस्थेचं पहिलं संग्रहालय २०१७ पासून अमृतसरच्या टाऊन हॉलमध्ये आहे. तिथला फुलकारीचा कोट आणि चामड्याची ब्रीफकेस खूप प्रसिद्ध आहेत. एका मुलीचं आणि मुलाचं लग्न ठरलं होतं, तेवढ्यात फाळणी झाली. तिने सोबत कोट आणला, त्याने ब्रीफकेस. अमृतसरच्या निर्वासित छावणीत दोघांची पुन्हा गाठ पडली आणि पुढे लग्नही झालं. ही गोष्ट काढून घेतली, तर उरतो एक जुना कोट आणि एक जुनी बॅग.

दिल्लीतच पालम-डाबरी रस्त्यावर बिंदेश्वर पाठक यांनी १९९२ मध्ये उभारलेलं सुलभचं शौचालय संग्रहालय आहे. मुलं आधी हसतात, मग लक्ष देऊन पाहतात. रोजच्या वापरातली कुठलीच वस्तू इतिहासाला वर्ज्य नाही, हे इथे पटतं.

पुण्यातला खजिना

हिंदूरावांच्या काळातलं मराठी घर आतून कसं असेल, याचा अंदाज हवा असेल तर पुण्याला जायला हवं. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणजे अशा वस्तूंचं माहेरघरच. दिनकर गंगाधर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. पत्नी कमलाबाईंच्या साथीने त्यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, फण्या, पानाचे डबे असं बरंच काही गोळा केलं. टाचा घासायच्या वज्रीसुद्धा सोडल्या नाहीत! त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्याच नावाने हे संग्रहालय आहे. १९७५ मध्ये केळकरांनी वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा हा ठेवा महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला.

पोपटाच्या किंवा घोड्याच्या आकाराचा अडकित्ता पाहिला की वाटतं, सुपारी तर साध्या अडकित्त्यानेही कातरली जाते, मग एवढी कलाकुसर कशाला? कारण ती वस्तू रोज हातात यायची आणि ती सुंदर असावी असं कोणाला तरी वाटायचं.

आपल्या घरातलं संग्रहालय

आता आपल्या स्वयंपाकघरात डोकवा. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत आहे. कोणाला दिलं, कोणाकडून आलं, तारीख कुठली, हे सगळं एका तांब्यावर कोरलेलं असतं. संग्रहालयात वस्तूखाली चिठ्ठी लावतात, ती आपल्या आज्यांनी कधीच लावून ठेवली आहे. आमच्या दिल्लीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर असाच एक पितळी डबा आहे. त्यावरचं नाव वाचता येतं, पण ते कोणाचं हे आता फक्त आजीच सांगू शकते.

दिल्लीसारख्या शहरात घर बदलताना जुनी भांडी आधी भंगारात जातात. जागा कमी असते, सगळं ठेवणं शक्यही नसतं. म्हणून एवढंच करा. घरातल्या तीनच वस्तू निवडा. मोबाइलवर फोटो काढा आणि ती कोणाची, कुठून आली, कशाला वापरायचे, हे आजी-आजोबांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. हे काम मुलांना द्या, ती आवडीने करतील.

आणि सुट्टीत ही ठिकाणं जरूर पाहा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा वेळ आधी तपासून घ्या. हिंदूरावांचं नाव हॉस्पिटलच्या पाटीने जपलं. आपल्या घरातली नावं मात्र आपल्यालाच जपायची आहेत, आणि ती सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच हे काम होईल.