मुंबईचा साग, हार्टलपूलचे पाणी

बुवापाड्यातून शिवमंदिराकडे जायचे तर रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला यावे लागते. वालधुनीच्या काठी शिलाहारांचे ते मंदिर उभे आहे. त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. दगड होता आणि पूजा चालू राहिली, म्हणून ते टिकले. लाकडाचे नशीब वेगळे. अंबरनाथच्या जुन्या माणसांना लाकूड म्हटले की विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आठवतो. या गावात लाकूड यायचे ते जळण्यासाठीच. आजचा धागा अशा एका लाकडी वस्तूचा आहे, जी जळली नाही, बुडली नाही, आणि विकली जाऊनही मोडली गेली नाही.

सुरुवात मात्र जे उरले नाही त्यापासूनच करावी लागेल. वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि उल्हास पुढे खाडीला. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि याच खाडीच्या परिसरात स्वराज्याची जहाजबांधणी सुरू झाली. गुराबा, गलबते, शिबाडे, मचवे ही नावे बखरींतून आणि पत्रांतून सगळ्यांच्या ओळखीची आहेत. पण हात लावून पाहावे असे मराठी आरमाराचे एकही लढाऊ जहाज आज कुठे उभे नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. समुद्राकडून इंग्रज आणि जमिनीकडून पेशव्यांचे सैन्य, अशी ती मोहीम होती. आपल्या आरमाराच्या राखेत आपलाही हात होता, हे वाक्य लिहिताना पेन थोडे अडखळते. पण ते लिहायलाच हवे.

अरबी समुद्राच्या या किनाऱ्यावर घडवलेले शिडाचे एक युद्धजहाज मात्र आजही पाण्यावर तरंगते आहे. ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल नावाच्या गावात आहे. नाव : एचएमएस ट्रिंकोमाली. जन्मस्थान : मुंबई. जलावतरण : १२ ऑक्टोबर १८१७.

ही तारीख मराठी वाचकाने दोनदा वाचावी. त्याच्या एका आठवड्यानंतर, १९ ऑक्टोबरला, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने दसरा साजरा केला. त्या दसऱ्याला जमलेल्या फौजेची संख्या इंग्रजांच्या डोळ्यांत भरली होती. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. मुंबईच्या गोदीतून हे जहाज पाण्यात उतरले आणि अवघ्या चोवीस दिवसांनी पेशवाईच्या शेवटच्या युद्धाला तोंड फुटले.

या योगायोगाला आणखी एक पदर आहे. ट्रिंकोमालीचे आराखडे इंग्लंडहून मुंबईला निघाले ते 'जावा' नावाच्या फ्रिगेटवरून. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या फ्रिगेटने जावाचा पराभव केला, आणि जायबंदी जावा दोन दिवसांनी पेटवून देण्यात आली. आराखडे गेले, ते पुन्हा पाठवावे लागले. त्याच जावावर मुंबईच्या सेनापतिपदावर रुजू होण्यासाठी निघालेला एक लष्करी अधिकारी होता, सर थॉमस हिस्लॉप. तो कैद झाला आणि पुढे सुटला. पाच वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरच्या रणांगणावर होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा सेनानी तो हाच. आराखड्यांची दुसरी प्रत आली आणि हिस्लॉपही आला. अमेरिकन तोफांनी इंग्रजांना जो विलंब घडवला, तो दोन्ही बाबतींत तात्पुरताच ठरला.

आता जहाज घडवणाऱ्यांकडे वळू. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे कसबी सुतार १७३६ च्या सुमारास मुंबईत आले आणि पुढच्या पिढ्यांनी मुंबईची गोदी जगाच्या नकाशावर नेली. १७५० साली इथे आशियातील पहिली सुकी गोदी तयार झाली. सुकी गोदी म्हणजे दरवाजाने समुद्र अडवून कोरडा करता येणारा दगडी हौद. त्यात जहाजाचा तळ उघडा पाडून दुरुस्ती करता येते. ट्रिंकोमाली घडली तेव्हा जमशेदजी बोमनजी वाडिया हे मुख्य बांधणारे होते. १८१० चे 'मिंडेन' आणि १८१३ चे 'कॉर्नवॉलिस' त्यांचेच. चीनने ज्या तहान्वये हाँगकाँग ब्रिटिशांना दिले, तो १८४२ चा नानकिंगचा तह याच कॉर्नवॉलिसवर झाला. मुंबईच्या सागाने बांधलेल्या जहाजावर चीनचा अपमान लिहिला गेला. ही गोष्ट अभिमानाच्या यादीत घालताना जरा थांबायला हवे.

१८१६ मध्ये ट्रिंकोमालीच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. जहाजाचे क्षेम राहावे म्हणून पारशी बांधणाऱ्यांनी पाळलेली ही रीत होती. पुढे दोनशे वर्षांत या जहाजावर जे जे प्रसंग आले ते पाहिले, की निदान या एका बाबतीत रिवाजाला दाद द्यावीशी वाटते.

खरे श्रेय अर्थात सागाचे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत ब्रिटनला ओकचे लाकूड पुरेनासे झाले होते, म्हणून नजर मलबारच्या जंगलांकडे वळली. सागात नैसर्गिक तेल असते; ते ओलावा आणि कूज दूर ठेवते. ओकमधल्या आम्लामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात, सागात ते टिकतात. ओकची जहाजे गोदीत पडल्या पडल्या कुजून जात; मुंबईची सागवानी जहाजे पिढ्या ओलांडत. २३,००० पौंडांत तयार झालेले हे जहाज तेव्हा कुणालाही महाग वाटले असेल, पण त्या व्यवहारात खरा नफा कुणाला झाला हे आज सांगायला नको. मलबारची जंगले त्या हिशोबात कुठेच धरलेली नव्हती.

एवढ्या खटपटीने बांधलेले जहाज पोहोचले तेव्हा युद्ध संपले होते. वाटेत जानेवारी १८१९ मध्ये ते सेंट हेलेना बेटावर सहा दिवस थांबले. तिथे नेपोलियन कैदेत होता. बेट सोडताना जहाजावर एक प्रवासी वाढला : नेपोलियनला तपासणारा शल्यचिकित्सक जॉन स्टोको. ३० एप्रिलला जहाज पोर्टस्मथला लागले आणि लगेचच राखीव ताफ्यात बांधून ठेवले गेले. पंचवीसहून अधिक वर्षे ते तसेच पडून राहिले. १८४७ पासून उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या पाण्यात आणि १८५२ ते १८५७ पॅसिफिक महासागरात, क्रिमियन युद्धाच्या काळात, त्याने सेवा केली. तोवर वाफेची इंजिने आली होती. मग नौसैनिकांना शिकवण्यासाठीचे तरंगते विद्यालय, आणि १८९७ मध्ये भंगारवाला.

इथे जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थांचा प्रवेश होतो. त्यांनी याआधीच एक जहाज वाचवले होते. नेल्सनचे ध्वजजहाज राहिलेले 'फूद्रॉयां' जर्मन भंगारवाल्यांना विकले गेले, तेव्हा इंग्लंडात एवढा गहजब झाला की शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी निषेधाची कविता लिहिली. कॉब यांनी स्वतःच्या पैशाने ते परत विकत घेतले आणि डागडुजी करून ते मुलांच्या प्रशिक्षणासाठी ठेवले. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळाने ते फुटले. अवशेषांतल्या लाकडाचे फर्निचर झाले, तांब्याची पदके झाली. दुसरा कुणी असता तर इथे हात टेकले असते. कॉब यांनी त्याच वर्षी भंगारात गेलेली ट्रिंकोमाली घेतली आणि तिला आपल्या हरवलेल्या जहाजाचे नाव दिले.

म्हणजे मुंबईचे जहाज वाचले ते दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या आठवणीसाठी. पुढे जवळजवळ पंचाण्णव वर्षे ते 'फूद्रॉयां' म्हणूनच ओळखले गेले. त्याला वाचवणाऱ्या माणसाच्या मनात मुंबई बहुधा नव्हतीच. वारसा-जतनाच्या इतिहासात असे वरचेवर घडते : एखादी वस्तू टिकते ती तिच्या खऱ्या मोलासाठी नव्हे, तर कुणाच्या तरी वेगळ्याच दुःखासाठी. त्याबद्दल तक्रार करावी की आभार मानावेत, हे ठरवणे अवघड आहे.

कॉब यांनी 'इम्प्लेकेबल' नावाच्या आणखी एका जहाजाचीही काळजी वाहिली. मूळचे ते फ्रेंच जहाज. ट्रॅफल्गरच्या लढाईत लढलेले आणि त्यानंतर इंग्रजांनी पकडलेले. कॉब १९३१ मध्ये वारले. पुढे पोर्टस्मथच्या बंदरात ही दोन्ही जहाजे शेजारी शेजारी उभी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इम्प्लेकेबलच्या दुरुस्तीला पैसा मिळेना. २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटिश आणि फ्रेंच असे दोन्ही ध्वज फडकवून, स्फोटके लावून तिला इंग्लिश खाडीत बुडवण्यात आले. त्या दिवशीच्या संतापातून तिकडे जहाज-जतनाची जाणीव रुजली असे म्हणतात. सागवानी शेजारीण मात्र तरंगत राहिली आणि १९८६ पर्यंत तिने मुलांना समुद्र शिकवला.

१९८७ मध्ये तिला हार्टलपूलला आणले गेले, आणि हा भाग तरुण अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. हार्टलपूल हे जहाजबांधणीचे जुने गाव. तिथला विल्यम ग्रे यांचा कारखाना १९६२ मध्ये बंद पडला आणि गावाची रया गेली. पुढे 'वॉरियर' या व्हिक्टोरियाकालीन लोखंडी युद्धनौकेच्या जीर्णोद्धाराचे काम गावाला मिळाले. ते काम १९८७ मध्ये संपले, तेव्हा जुन्या जहाजावर हात बसलेले कारागीर गावात तयार होते. ट्रिंकोमाली त्यांच्याकडे आली. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे आणि सुमारे एक कोटी पाच लाख पौंड लागले. सांगाड्यातला बराचसा मूळ साग शाबूत होता. १९९२ मध्ये जहाजाला आपले जुने नाव परत मिळाले. जतनासाठी पैसा लागतो, हे सगळे सांगतात. त्याआधी हात लागतात, आणि ते हात दुसऱ्या जतनाच्या कामातच तयार होतात, हे फारसे कुणी सांगत नाही.

आज ब्रिटनचे पाण्यावर तरंगणारे सर्वांत जुने युद्धजहाज म्हणजे ट्रिंकोमाली. नेल्सनचे 'व्हिक्टरी' वयाने मोठे, पण ते १९२२ पासून सुक्या गोदीत आहे. जगात तरंगणाऱ्या युद्धजहाजांत तिच्याहून ज्येष्ठ म्हणून नाव घेतले जाते ते १७९७ च्या कॉन्स्टिट्यूशनचे. होय, तीच, जिने ट्रिंकोमालीचे आराखडे घेऊन येणारी जावा संपवली होती.

आणि मुंबई? ट्रिंकोमाली भंगारात विकली गेली त्याला बरोबर शंभर वर्षे झाली, तेव्हा ३१ जानेवारी १९९७ रोजी भारताची पहिली विमानवाहू नौका विक्रांत निवृत्त झाली. १९७१ च्या युद्धातली तिची कामगिरी सर्वश्रुत आहे. काही वर्षे ती मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. शाळांच्या सहली तिथे जात. देखभालीचा खर्च आणि सुरक्षिततेचे प्रश्न वाढत गेले, संग्रहालय बंद झाले. न्यायालयात दाद मागून झाली. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना ती विकली गेली आणि दारूखान्यात मोडली गेली. वाडियांची गोदी आणि दारूखाना मुंबईच्या एकाच पूर्व किनाऱ्यावर आहेत. विक्रांतच्या पोलादातून एका कंपनीने मोटरसायकली काढल्या. फूद्रॉयांच्या तांब्याची पदके झाली होती, तशाच.

विक्रांत पोलादाची होती, सागाची नव्हती, आणि एवढे मोठे पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात राखणे हा पांढरा हत्ती पोसण्यासारखा प्रकार आहे, हा युक्तिवाद खोटा नाही. पण ट्रिंकोमालीच्या बाबतीतही १८९७ मध्ये, १९४९ मध्ये आणि १९८६ मध्ये हाच युक्तिवाद तितकाच खरा होता. फरक इतकाच, की तिन्ही वेळा कुणीतरी हिशोबाच्या वहीपलीकडे पाहिले.

वाडियांची गोदी आजही नौदलाच्या ताब्यात चालू आहे; लायन गेटच्या बाहेरून सामान्य माणसाला फक्त भिंत दिसते. अंबरनाथहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरले की तिथून ती भिंत चालण्याच्या अंतरावर आहे. भिंतीपलीकडे ज्या हौदांत ही जहाजे घडली, त्यांतले काही अजून वापरात आहेत.

हार्टलपूलला ट्रिंकोमालीच्या पुढच्या टोकावर एक कोरीव मूर्ती बसवलेली आहे. फेटा बांधलेला, मिशा राखलेला एक पुरुष. हिंदुस्तानात घडलेल्या जहाजाला हिंदुस्तानी चेहरा हवा, असे कुणाला तरी वाटले असावे. उत्तर समुद्राच्या थंड वाऱ्यात तो फेटेवाला डोळे उघडे ठेवून पुढे पाहत असतो.