आखाडातली उचल

दिवाळीचा अंक हाती पडेपर्यंत बालाघाटाच्या डोंगरातली कितीतरी गावं निम्मी रिकामी झालेली असतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज. दसरा उलटला की बीडच्या या तालुक्यांतून ऊसतोडीला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून निघतात. भांडी, पत्र्याची पेटी, कोंबड्यांचा डालगा, एखादी शेळी आणि सगळ्यांत वर पोरं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी साताऱ्याकडे, कुणी थेट बेळगावकडे. मागे उरतात म्हातारी माणसं आणि कुलपं.

मी अर्थशास्त्र शिकवते आणि वीसेक वर्षं याच भागातल्या घरांच्या कर्जाची मोजदाद करते. पहिल्या पाहणीच्या वेळी माझ्या फॉर्मात ‘मासिक उत्पन्न’ असा रकाना होता. ओसरीवर शेंगा निवडत बसलेल्या एका बाईंना मी तो प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “म्हयन्याचं काय सांगू म्याडम? आखाडात आल्तं. पोरीच्या दवाखान्याला गेलं. आता तेच फेडाया जायचंय.” मी रकान्यात शून्य लिहिलं. त्या घराची सगळी अर्थव्यवस्था त्यांनी तीन वाक्यांत सांगितली होती, हे समजायला मला पुढचे दोन हंगाम लागले.

आमच्या विषयात गरिबी मोजण्याची थोर परंपरा आहे आणि तिचं एक मूळ पुण्यातच आहे. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २,२५० कॅलरी मिळण्यापुरता खर्च किती, हा त्यांचा निकष होता. १९६०-६१च्या भावांनी खेड्यात तो महिन्याला माणशी १५ रुपये येत होता, आणि ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के माणसं त्याखाली होती. त्या कामाबद्दल मला आजही आदर आहे. पण अशी रेषा माणसानं किती खर्च केला एवढंच सांगते. तो पैसा कमावलेला होता की अजून कमवायचा होता, हे तिच्यातून कळत नाही. उचल घेतलेलं घर आषाढात मोजलं तर ते रेषेच्या वर दिसेल. पुढच्या सहा महिन्यांचे हातपाय मात्र त्यानं तेव्हाच देऊन टाकलेले असतात.

उचल म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमानं पावसाळ्यात दिलेली आगाऊ रक्कम. ती माणसावर दिली जात नाही, कोयत्यावर दिली जाते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस हिशेबात ‘अर्धा कोयता’ धरतात. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. जोडीनं पहाटे चारला फडात उतरून दिवसाकाठी दोन टन ऊस तोडला, साळला, मोळ्या बांधून वाहनात भरला, असं धरू. लाखाची उचल फेडायला २७३ टन लागतात, म्हणजे सुमारे १३७ दिवस. एकही खाडा न करता. ताप आला, पाळी आली, पोर आजारी पडलं तरी खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे वेगळे कापतात. शंभर दिवसांतच कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तर ७३,२०० रुपये फिटतात आणि २६,८०० बाकी राहते. ही बाकी पुढच्या हंगामावर चढते. मधल्या काळात किराणा चालतो तो उसाचं वाढं चाऱ्यासाठी विकून आणि मुकादमाकडून थोडं थोडं मागून. तेही वहीत चढतंच.

मग माणसं उचल घेतातच का? शहरात व्याख्यानाला गेले की हा प्रश्न हमखास येतो, आणि लग्नातला खर्च, दारू, अज्ञान ही उत्तरं विचारणाऱ्याकडे तयारच असतात. माझ्या नोंदींत वारंवार आलेली कारणं वेगळी आहेत: दवाखाना, बी-खत, खासगी सावकाराचं देणं, आणि हो, मुलीचं लग्नही. डोंगरातली जमीन हलकी, पाऊस सह्याद्रीनं अडवलेला, आणि जमिनीच्या वाटण्या होत होत हाती एक-दोन एकर उरलेले. पेरणीच्या तोंडाशी पैसा लागतो, आणि तेव्हा दारात येऊन, कागद न मागता, एकरकमी पैसा देणारा एकच माणूस असतो.

१९७२च्या दुष्काळात याच मराठवाड्यात लाखो माणसं खडी फोडायला गेली. त्या अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. हक्कानं काम मागता येणं ही महाराष्ट्रानं देशाला दिलेली फार मोठी गोष्ट आहे. पण त्यात आधी काम, मग मजुरी. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्यातही मजुरी पंधरा दिवसांत द्यावी असंच लिहिलं. दवाखान्यात अनामत भरायची असते आज. म्हणून सरकारी कामापेक्षा उचल जिंकते.

जोडीलाच उचल, या एका नियमानं घरं कशी बदलतात ते पाहा. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. आईबाप सहा महिने फडात असताना वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवायची भीती असतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यात २० ते २४ वर्षांच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीडमध्ये तो आकडा ४४च्या आसपास होता. आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया. २०१९ साली राज्याच्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहांत एक. पाचटाच्या कोपीत न्हाणी नाही, पाणी नाही, गरोदरपणातही डोक्यावर मोळी, आणि दुखणं वाढलं की ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला. काहीजणींनी मला सांगितलं की त्यांनी स्वतःहून होकार दिला, कारण दर महिन्याचे खाडे परवडत नव्हते. ही माझ्या वहीतली सर्वांत जड पानं आहेत.

मुकादमाला खलनायक ठरवून मला मोकळं होता येत नाही. तो बहुधा त्याच तांड्याचा, त्याच वस्तीचा असतो. कारखान्याकडून वाहतूकदारामार्फत आलेली रक्कम तो स्वतःच्या सहीवर उचलतो. एखादी टोळी दोघांची उचल घेऊन तिसरीकडे गेली की त्याची जमीन जाते. पैशाची जोखीम त्याच्यावर, शरीराची मजुरांवर. कारखान्याच्या हजेरीपटावर मात्र यांतल्या कुणाचंच नाव नाही. आगाऊ पैशाच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याची मोकळीक गमावणं, याला १९७६चा कायदा वेठबिगारी म्हणतो. फडात तो शब्द मी कधी ऐकला नाही. तिथं म्हणतात, ‘अंगावर हाय’.

उचल बंद करा, ही मागणी मला पटत नाही. आषाढात पैसा लागणारच. तो बँकेतून, बचत गटातून, ऊसतोड कामगारांच्या महामंडळातून त्याच आषाढात मिळाला पाहिजे, आणि फेडताना खाड्याचा दंड नसला पाहिजे. वजनकाट्याची पावती प्रत्येक कोयत्याच्या हाती पडली पाहिजे, बाईच्या नावानं वेगळी. आज तिच्या श्रमाचा पैसा नवऱ्याच्या खात्यावरच लिहिला जातो.

गेल्या मार्चमध्ये एका कारखान्याजवळच्या कोप्यांवर गेले होते. सातवीतला एक मुलगा भेटला. गावी शाळेचं हंगामी वसतिगृह होतं, पण धाकट्या बहिणीला सांभाळायला आईनं त्याला सोबत आणलं होतं. त्यानं भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर आईबापाच्या खेपा लिहून ठेवल्या होत्या, तारखेसकट. त्याच्या हिशेबात एकसष्ट खेपा होत्या, मुकादमाच्या वहीत सत्तावन्न. “म्याडम, तुमी बेरीज करून बघा,” म्हणत त्यानं वही माझ्याकडे दिली. मी दोनदा केली. एकसष्टच होत्या. वही घेऊन तो वडिलांकडे धावत गेला. वडिलांनी ती पाहिली, मिटली आणि पेटीत कपड्यांच्या खाली ठेवली. नंतर मला म्हणाले, “पुढल्या साली बी त्याच्याकडूनच उचलायचंय.”