पिनकोड आणि राउटर

बंगळूरच्या पोस्टिंगमध्ये नव्या पोरांना राउटर शिकवताना मला पुस्तकापेक्षा पिनकोड जास्त कामाला आला. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाची. पाकिटावर पहिला आकडा ९ दिसला की सॉर्टर पुढचं वाचत बसत नाही, पाकीट आर्मी पोस्टाकडे. ५६ कर्नाटक, ५६० बंगळूर. पण ४० म्हणजे महाराष्ट्र असं धरून चाललात तर फसाल, कारण ४०३ गोवा आहे. जुळणाऱ्यांतला सर्वांत लांब आकडा खरा. राउटरचा नियम हाच.

फक्त तिथे पत्ता ३२ बिटांचा, यादीत लाखो नोंदी, आणि वेळ नाही. दहा गिगाबिटच्या लाइनवर लहानात लहान पॅकेटं सेकंदाला जवळपास दीड कोटी येऊ शकतात. एकाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद! साध्या मेमरीत एकदा डोकावायलाच पन्नासेक जातात. एकेक बिट तपासत बसलात तर मागची पॅकेटं गळतात, आणि चौकीवरून घरी बोलणाऱ्या जवानाचा आवाज तुटतो.

पवईच्या आयआयटीत शिकलेले जॉर्ज वर्गीस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली काढलेली युक्ती मला फार आवडते. प्रत्येक लांबीच्या नोंदींचा वेगळा तक्ता करायचा आणि सुरुवात मधून, १६ बिटांपासून. जुळलं तर अधिक लांब बघा, नाही तर आखूड. पाच फेऱ्यांत काम फत्ते. मात्र लांब नोंदीच्या वाटेवर आखूड तक्त्यांत खुणा ठेवाव्या लागतात, नाहीतर शोध भलतीकडे वळतो. खूण फसवी निघाली तर माघारी फिरायला नको म्हणून तोवरचं उत्तम उत्तर त्या खुणेवरच लिहिलेलं असतं. रात्री पेट्रोलिंग केलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गुप्ता, लिन आणि मॅकिओन यांनी उलटा विचार केला. मेमरी स्वस्त आहे ना, मग पहिल्या २४ बिटांचा पावणेदोन कोटी खान्यांचा तक्ताच मांडा. बहुतेक पत्ते एका नजरेत!

"साहेब, म्हणजे डोकं कमी, जागा जास्त," आमचा एक हवालदार म्हणाला.

जागेचं ठीक आहे, पण ८ बिटांचा एक मार्ग बदलला की ६५,५३६ खान्यांपर्यंत नव्याने लिहावं लागतं. फौजेत युनिट तर हलतच असतं. तरी घरच्या पत्रावर '५६ एपीओ' तसंच राहतं. बदल होतो तो आर्मी पोस्टाच्या आतल्या यादीत.