मधली थाप

“बाई, हलगी शिकवायला पोरगं साळंत घातलं न्हाई म्या.”

व्हरांड्याखाली चपला काढून, आवाज जराही न चढवता त्याचे वडील एवढंच बोलले. तीन वर्षं झाली. वर्गात काही नवं करायला घेतलं की अजूनही आधी ते वाक्य ऐकू येतं.

आमची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा. तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली, पण मराठी शाळेतली बरीच पोरं चौथीतही स्पेलिंग घोकतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. गार्डनरनं १९८३ साली मांडलेली बहुविध बुद्धिमत्ता डीएडला पाठ केली होती. ज्या मुलाला जे येतं तिथून शिकवायला सुरुवात करायची, हे मला मनापासून पटलेलं. ठिपक्यांची रांगोळी काढणारी मुलगी बी आणि डी मधला घोळ ठिपके मांडूनच विसरली.

हा मुलगा मात्र इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडायचा नाही. बनानाचं स्पेलिंग रोज वेगळं, कधी एक एन गायब, कधी एक ए. एकदा मी शब्द टाळ्यांवर म्हणून घेत होते. सगळा वर्ग तीन सारख्या टाळ्या वाजवत होता आणि हा बाकावर बोटांनी काहीतरी वेगळंच वाजवत होता. विचारलं तर म्हणाला, “बाई, मधली थाप मोठी हाय. मोबाइलमधली बाई तसं म्हणती.”

मी पुन्हा ऑडिओ लावला. बरोबर होतं. ब-ना-ना, जोर मधल्या ना वर. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर देतो, मीही इतकी वर्षं तसंच शिकवत आले होते. नऊ वर्षांच्या मुलानं ते कानानं पकडलं. मग फळ्यावर तीन रेघा काढल्या, मधली लांब. प्रत्येक रेघेखाली दोन-दोन अक्षरं: बी-ए, एन-ए, एन-ए. त्यानं ते एकदा वाजवलं आणि पुन्हा कधी चुकला नाही. टेबलला पहिली थाप मोठी, सप्टेंबर-ऑक्टोबरला मधली. पंधरा दिवसांत कधी न पाहिलेला ‘रिमेंबर’ त्यानं तीन थापांत फोडून वाचला, तेव्हा मला रडू आवरेना.

तिथंच थांबायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, घरची हलगी घेऊन ये. चुलत्याची हलगी घेऊन तो आला. शाळाभेटीला आलेल्या साहेबांनी त्याला मध्ये उभं केलं, व्हिडिओ काढला, गटावर टाकला. दुपारपर्यंत तो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. कौतुकाचे अंगठे मोजत मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वडील आले. आदल्या संध्याकाळी पारावर कुणीतरी त्यांना हाक मारून म्हणालं होतं, “तुझं इंग्लिश हलगीवालं पोरगं परवाच्या वरातीला पाठव.” चारचौघांत. त्यांनी स्वतः वरातीपुढं वाजवणं कधीच सोडलेलं. सेंट्रिंगच्या कामावर जातात. सुपारीचे पैसे बुडाले तरी चालतील, पण मुलाच्या गळ्यात हलगी नको, हे त्यांनी तो जन्मला तेव्हाच ठरवलेलं.

खरं सांगते, आधी मला त्यांचा राग आला. मूल वाचायला लागलं ते दिसत नाही का? कलेची लाज कसली? मनात हे सगळं बोलून झालं. मग रात्री झोप येईना. गावकीची कामं सोडा, शिका, हे बाबासाहेबांचं सांगणं ज्या घरानं अंगावर झेलून पाळलं, त्या घरातल्या मुलाचा ‘कल’ म्हणून मी नेमकी हलगीच शोधून काढली होती. सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’त इंग्रजीची महती गायली ती कशासाठी? या बापालाही इंग्रजी त्याचसाठी हवी होती, वस्तीतून बाहेर काढणारी. आणि मी ती वस्तीच्याच वाद्यावर बसवून गावाला दाखवली. रांगोळीवाल्या मुलीचा व्हिडिओ निघाला असता तर पारावर तिच्या बापाला कुणी असं हटकलं नसतं.

म्हणून मी आता प्रत्येक शिक्षण परिषदेत सांगते, पालकांना विचारल्याशिवाय मुलाचा व्हिडिओ काढू नका, काढू देऊ नका. माना डोलावतात, आणि तिथंच माझा फोटो काढतात.

हलगी परत गेली. मी थापाही बंद केल्या. महिनाभर तो पुन्हा गप्प. मग एक दिवस वाचताना त्याची बोटं बाकाखाली मांडीवर हलताना दिसली. मी पाहिलं नाही असं केलं. हे बरोबर केलं का? कधी वाटतं, वडिलांकडे जाऊन बसायला हवं होतं, हलगी नाही, फक्त कान म्हणून सांगायला हवं होतं. तर कधी वाटतं, त्यांना समजवायला जाणारी मी कोण?

चौथीच्या शेवटी प्रगतिपुस्तक भरायला घेतलं. ‘विशेष प्रगती’त लिहिलं, अनोळखी इंग्रजी शब्द स्वतः फोडून वाचतो. खाली ‘आवड/छंद’ हा रकाना. पेन तिथंच अडलं. शेवटी त्यालाच जवळ बोलावून विचारलं, तुला काय आवडतं रे?

“पवायला,” तो लगेच म्हणाला. “मळ्यातल्या हिरीत. वरनं उडी टाकतो.”

दोन वर्षं तो माझ्या वर्गात होता. मी हे कधी विचारलंच नव्हतं. रकान्यात लिहिलं, पोहणे.